खेतवाडीच्या माळ्यावरचा ‘मी’

मुंबईच्या खेतवाडीत विड्या विकणारे मारुती कांबळी १९३३ साली सिद्धरामेश्वर महाराजांकडे गेले. इंचगिरी संप्रदायातल्या या गुरूंनी त्यांना साधन दिलं ते अगदी साधं. ‘मी आहे’ एवढीच जाण धरून बसायचं; ‘मी अमका’, ‘मी दुकानदार’, ‘मी कुणाचा तरी बाप’ असं पुढचं शेपूट जोडायचं नाही. तीन वर्षांनी गुरू गेले. शिष्य पुढे निसर्गदत्त महाराज म्हणून ओळखला गेला.

या विचाराची सुरुवात आपल्या रोजच्या बोलण्यातच सापडते. ‘माझा गुडघा दुखतोय’, ‘माझं मन लागत नाही’, ‘माझी बुद्धी चालेना’ असं आपण म्हणतो. छत्री माझी, म्हणजे मी छत्री नव्हे, हे पटतं. मग गुडघा, मन, बुद्धी माझी म्हणणारा त्यांच्याहून वेगळा नको का? सिद्धरामेश्वरांच्या शिकवणुकीत हीच सोलणी चार पायऱ्यांनी होते. स्थूल देह म्हणजे शरीर; सूक्ष्म म्हणजे मन, बुद्धी, इंद्रियं; कारण म्हणजे गाढ झोपेसारखं काहीच न कळणं; आणि महाकारण म्हणजे ‘मी आहे’ ही निखळ जाण.

पण निसर्गदत्त तिथेही थांबत नाहीत. ही जाण तरी कायमची कुठे आहे? तान्हेपणीची आठवण नाही, रोज रात्री ती मावळते, सकाळी पुन्हा उगवते. जे येतं-जातं ते आपलं मूळ रूप कसं असेल? तिच्या येण्याजाण्याआधीचं जे आहे, तिथे ‘मी’ आणि ‘तू’ अशी वाटणीच नाही. अद्वैत म्हणतात ते हेच.

खेतवाडीतल्या घराच्या छोट्याशा माळ्यावर ते हे मराठीतून सांगत. औंध संस्थानच्या स्वराज्य-प्रयोगात गांधीजींसोबत काम केलेले पोलिश अभियंते मॉरिस फ्रीडमन यांनी त्या ध्वनिमुद्रित संवादांचं इंग्रजी केलं. १९७३ मध्ये ते ‘आय अ‍ॅम दॅट’ या पुस्तकाच्या रूपात प्रसिद्ध झालं आणि परदेशी लोक गल्ली शोधत येऊ लागले.

‘मी’ खोटा, तर हप्ते कुणी भरायचे, पोरांच्या फिया कुणी द्यायच्या? शंका रास्त आहे. पण या विचारात काम खोटं ठरत नाही. ‘हे सगळं माझ्यामुळे चाललंय’ हा मधला दलाल तेवढा उठून जातो. देहाचे भोगही राहतातच. घशाच्या कर्करोगाने ८ सप्टेंबर १९८१ रोजी महाराज गेले. देहाचं दुखणं अद्वैतानेही चुकत नाही.

गुरूंच्या पश्चात, १९३७ मध्ये, ते घर सोडून निघाले होते. पुढच्याच वर्षी परतले आणि पुन्हा संसार-धंद्याला लागले. ते पाहून वाटतं, ज्या ‘मी’ला सोडायला निघायचं तोच पाय उचलत असेल, तर हिमालय काय आणि खेतवाडी काय!