रस्त्याची धूळ आणि मुलांचे हात

शिसे कुजत नाही आणि जळून नाहीसेही होत नाही. जेथे पडले तेथे ते पिढ्यान्‌पिढ्या राहते. एवढी एक गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे शहरातील माती व रस्त्यावरची धूळ यांविषयी शास्त्रज्ञांना आजही चिंता का वाटते, हे सहज उमगते.

१९२१ साली अमेरिकेत टॉमस मिजली या संशोधकास असे आढळले की, पेट्रोलमध्ये शिशाचे एक संयुग अल्प प्रमाणात मिसळले असता मोटारीच्या यंत्रात बसणारे ठोके थांबतात. १९२३ साली असे पेट्रोल विक्रीस आले आणि पुढे जगभर पसरले. धुराबरोबर शिशाचे सूक्ष्म कण बाहेर पडत आणि रस्त्याकडेच्या मातीवर, अंगणांत व उंबरठ्यांवर बसत. हिंदुस्थानात हे पेट्रोल २००० साली बंद झाले. जगातील अखेरचा देश अल्जीरिया, तेथे ते २०२१ साली बंद झाले. पेट्रोलातील शिसे गेले, परंतु मातीत पडलेले शिसे गेले नाही.

मातीतील शिसे म्हणजे जुन्या घरांच्या रंगाचे गळालेले पापुद्रे, अशी पूर्वी समजूत होती. हॉवर्ड मील्के व त्यांचे सहकारी यांनी बाल्टिमोर शहर व परिसरातील शेकडो परसबागांची माती तपासली आणि १९८३ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. सर्वाधिक शिसे शहराच्या मध्यभागी निघाले. आणि तेथील घरे तर बहुतांशी रंग न दिलेल्या विटांची! रंग हे एक कारण आहेच. परंतु वाहनांच्या गर्दीचा वाटा किती मोठा होता, हे तेव्हा स्पष्ट झाले.

या विषाचा भार सर्वांत अधिक पडतो तो बालकांवर. ती जमिनीवर खेळतात, बोटे तोंडात घालतात. आणि पोटात गेलेले शिसे त्यांच्या शरीरात प्रौढांपेक्षा चार-पाच पट अधिक शोषले जाते. ते हाडांत व दातांत साठते, मेंदूच्या वाढीस बाध आणते आणि बुद्धी मंदावते. मूल रडत नाही, तापत नाही. केवळ अभ्यासात मागे पडते, आणि आपण त्याला आळशी म्हणतो. शिशाचे निर्धोक असे कोणतेही प्रमाण आजवर आढळलेले नाही.

उपाय मात्र आहे, आणि तो साधा आहे. न्यू ऑर्लिन्स शहरात मील्के यांनीच काही शिशुगृहांच्या अंगणांवर कापड अंथरून त्यावर मिसिसिपी नदीचा स्वच्छ गाळ पसरविला. जेथे दहा लक्ष भागांत शिशाचे शेकडो भाग होते, तेथे वरच्या थरात ते दहाच्याही आत आले. जुनी माती खणून दूर नेण्याची गरज पडली नाही. ती केवळ झाकली गेली.

ज्यांची मुले वा नातवंडे शहरात रस्त्यालगत राहतात, त्यांना आम्ही आवर्जून सांगतो. अंगणातील उघड्या जागेवर स्वच्छ माती घालून हिरवळ लावावी. पादत्राणे दाराबाहेर ठेवावीत. धूळ कोरडी झाडून उडविण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसावी. जुना रंग कोरडा खरवडू नये. घरगुती रंगांतील शिशावर आपल्याकडे २०१७ सालापासून कडक मर्यादा आहे, त्यापूर्वीच्या भिंतींचा भरवसा धरता येत नाही. गजबजलेल्या रस्त्याच्या कडेला धान्य वाळत घालू नये व पालेभाजी लावू नये. आहारात लोह व चुना कमी पडल्यास शरीर शिसे अधिक ओढून घेते. म्हणून नाचणी, दूध व कडधान्ये मुलांच्या ताटात असावीत.

आणि जेवणापूर्वी मुलांचे हात साबणाने धुवावेत. आपल्या आज्यांनी घालून दिलेली ही शिस्त आज शास्त्रही तितक्याच आग्रहाने सांगते. मातीतले शिसे काढणे आपल्या हाती नसेल. परंतु माती आणि मुलाचे तोंड यांमधली वाट अडविणे प्रत्येक घराच्या हाती आहे.