गंजलेली चाकी आणि चार उपाय

घरांत विहीर असली म्हणजे तिचा रहाट नीट करतां येणारा एक तरी मनुष्य घरांत असावा, अशी आपल्याकडील जुनी रीत होती. आतां अनेक घरांच्या अंगणांत मोटार आली आहे. पण तिच्या पोटांत काय आहे हें पाहण्याचें काम आपण सर्वस्वीं कारागिरावर सोंपविलें आहे. प्रत्येकानें कारागीर व्हावें, असें आमचें म्हणणें नाहीं. तथापि घरच्या वस्तूचा थोडासा परिचय घरच्यांस असावा, व तो करून घेतांना कोणाच्या जिवावर बेतूं नये, एवढ्याचसाठीं गेल्या मे महिन्यांतील आमचा अनुभव वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमची मोटार चौदा वर्षांची, आणि तिचें सारें आयुष्य रत्नागिरी जिल्ह्यांतील समुद्रकांठच्या गांवीं गेलेलें. गतिरोधक ओलांडला कीं ती होडीसारखी तीन-चार वेळां डोलूं लागली, तेव्हां मागचे दोन्ही शॉक-ॲब्सॉर्बर निकामी झाल्याचें कळलें. रस्त्याचा धक्का सोसणें हें स्प्रिंगचें काम. त्या स्प्रिंगला आवरणें हें शॉक-ॲब्सॉर्बरचें. त्याच्या नळींतील तेल बारीक छिद्रांतून इकडून तिकडे ढकललें जातें, आणि त्या अडथळ्यामुळें स्प्रिंगचें नाचणें थांबतें. तें तेल गळून गेलें म्हणजे चाक रस्त्याला धरून राहत नाहीं, व ब्रेक दाबला तरी गाडी थांबावयास अधिक अंतर लागतें. तेव्हां हा प्रश्न केवळ बसणाऱ्यांच्या सुखाचा नसून रक्षणाचा आहे.

गाडी एका गॅरेजांत दाखविली. "बोल्ट गंजून एकजीव झाले आहेत. गॅसनें कापावे लागतील, आजूबाजूचें कांहीं जळालें तर आमच्याकडे बोट दाखवूं नका," असें उत्तर मिळालें. आमच्या पुतण्याला हें रुचलें नाहीं. रविवारीं सकाळीं त्यानें गाडीबरोबर आलेला जॅक लावला, मागचें चाक काढलें, पान्याला हातभर पाइप जोडला आणि तो गाडीखालीं शिरूं लागला. आम्हीं हटकलें.

"काका, पांच मिनिटांचें काम आहे."

"मग तीं पांच मिनिटें बाहेर बसून कर."

तो कुरकुरत बाहेर आला, आणि बाहेरूनच त्यानें पाइपावर अंग टाकलें. अंगणाच्या मऊ मातींत जॅकचा पाय खचला, जॅक कलंडला, व गाडीचा मागचा भाग धाडकन् खालीं आला. ब्रेकचा ड्रम चार बोटें मातींत रुतला. आवाज ऐकून वहिनी माजघरांतून धांवत आल्या. त्यानंतर बराच वेळ कोणी कांहीं बोललें नाहीं.

म्हणून पहिला नियम हा कीं, जॅक हा गाडी उचलण्यासाठीं आहे. उचललेली गाडी धरून ठेवण्यासाठीं नव्हे. दुसऱ्या दिवशीं आम्हीं दोन पोलादी स्टँड आणविले. गाडी फरसबंद जागेवर घेतली, ती गियरमध्यें ठेवून पुढच्या दोन्ही चाकांस पुढून व मागून लाकडी ओंडके लावले, आणि नंतरच मागचा भाग उचलून स्टँडांवर टेकविला. काढलेलीं चाकेंही गाडीखालीं आडवीं सरकविलीं. स्टँडानें दगा दिलाच तर भार त्यांवर यावा. मागच्या ॲक्सलखालीं जॅकचा निराळा टेकू दिला, कारण पुष्कळ गाड्यांत शॉक-ॲब्सॉर्बर हाच ॲक्सलला खालीं लोंबकळण्यापासून आवरून धरतो. एवढें झाल्यावर गाडी हातांनीं हलवून पाहिली. ती ढळली नाहीं, तेव्हां पाना हातीं घेतला.

आतां बोल्ट इतका घट्ट कां बसतो, तें पाहूं. लोखंड, पाणी व प्राणवायु यांच्या संयोगानें गंज होतो. खारें पाणी विजेचें वहन अधिक चांगलें करीत असल्यामुळें समुद्रकांठीं ही क्रिया त्वरेनें घडते. झालेला गंज मूळ लोखंडापेक्षां कितीतरी अधिक जागा व्यापतो, हें यांतील मर्म होय. बोल्टाचे आटे व चाकीचे आटे यांमधील सूक्ष्म फट तो भरून काढतो, आणि पाचर ठोकल्याप्रमाणें दोन्ही जखडतात. ही पाचर सैल न करतां केवळ जोर लावला, तर गंज सुटण्यापूर्वीं बोल्टच तुटतो.

राजनीतींत साम, दान, भेद आणि दंड असे चार उपाय सांगितले आहेत, आणि दंडाचें स्थान शेवटीं आहे. गंजलेल्या चाकीला हाच क्रम लागू पडतो.

साम म्हणजे सफाई. तारेच्या ब्रशानें बाहेर दिसणारे आटे अगदीं स्वच्छ करावे. नाहींतर सुटत आलेली चाकी त्याच घाणींत पुन्हां अडकते. गोटी पाना सहा कोनी घ्यावा. तो चाकीच्या सपाट बाजू धरतो. बारा कोनी पाना झिजलेल्या कोपऱ्यांवरून घसरतो. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण उताणें पडून काम करणाऱ्याच्या डोळ्यांतच गंजाचे पापुद्रे पडतात.

दान म्हणजे तेल, आणि त्याहून अधिक म्हणजे वेळ. बाजारांत गंज सोडविणारें पातळ तेल मिळतें. केशाकर्षणानें तें आट्यांत शिरतें. खोबरेल किंवा इंजिनचें दाट तेल तितकें आंत जात नाहीं. आम्हीं तीन दिवस सकाळ-संध्याकाळ तें घातलें व गाडीला हात लावला नाहीं. पुतण्याला हे तीन दिवस सर्वांत कठीण गेले.

भेद म्हणजे चिकटलेल्या दोघांत फूट पाडणें. बोल्टाच्या डोक्यावर सरळ रेषेंत हातोडीचे नेमके ठोके दिले म्हणजे आंतील गंजाला तडे जातात व तेलाला वाट मिळते. नंतर चाकी प्रथम किंचित् घट्ट करण्याच्या दिशेनें, मग सैल करण्याच्या दिशेनें, अशी पुढें-मागें फिरवावी. ३० सेंटिमीटरांच्या पान्यावर २० किलोंचा भार टाकल्यानें जो पीळ बसतो, त्याच्या दुप्पट पीळ तोच भार ६० सेंटिमीटरांवर टाकल्यानें बसतो. म्हणून लांब पाइप हें मोठें साधन आहे आणि तेवढेंच मोठें संकटही. चाकी 'कट्' आवाज करून सुटली तर शुभ. परंतु पाना मऊ लागूं लागला, फिरतो आहे पण सैल होत नाहीं असें वाटलें, तर बोल्ट ताणला जात आहे असें समजून तत्काळ थांबावें.

भेदाचाच दुसरा प्रकार उष्णता. १२ मिलिमीटर छिद्राची पोलादी चाकी ३०० अंशांनीं तापविली तर तिचें छिद्र सुमारें ०.०४ मिलिमीटरनें रुंदावतें, आणि गंजाची पकड मोडण्यास कित्येकदां तेवढें पुरतें. परंतु जवळ रबर, ब्रेकची नळी किंवा इंधनाची नळी असेल तेथें, तसेंच नुकतें तेल शिंपडलें असेल तेथें, ज्योत नेऊंच नये. शॉक-ॲब्सॉर्बरच्या अंगाला तर कदापि नाहीं: त्यांत बंद तेल व पुष्कळदां दाबलेला वायुही असतो. आमच्या बोल्टाशेजारीं रबरी बुश होता, म्हणून आम्हीं हा उपाय वर्ज्य केला.

तिसऱ्या सायंकाळीं उजवी चाकी सुटली. डावीकडे पाना मऊ लागतो असें पुतण्या म्हणाला. आणि ज्यानें तीन दिवस धीराचा उपदेश केला त्या आम्हींच "लाव आणखी थोडा जोर" असें सांगितलें. बोल्टाचें डोकें तुटून हातांत आलें. चूक निखालस आमची होती.

उरला दंड. बुशाच्या आंतील पोलादी नळीला बोल्ट चिकटलेला होता. बुश व त्याला धरणारी पट्टी यांमधील फटींत लोखंड कापण्याच्या करवतीचें पातें घालून दोन्ही बाजूंनीं तो कापला. दोन पातीं झिजलीं आणि चौथा दिवस खर्चीं पडला. मात्र जो शॉक-ॲब्सॉर्बर टाकूनच द्यावयाचा, त्याच्या बुशाला पातें लागलें म्हणून हानि नाहीं. गाडीला जोडलेली पट्टी मात्र जपली पाहिजे.

येथेंच घरच्या उद्योगाची मर्यादा सांगतों. पुष्कळ गाड्यांत पुढच्या चाकांशीं शॉक-ॲब्सॉर्बर व स्प्रिंग यांची एकत्र जोडणी असते. तिच्या माथ्यावरील मधली चाकी घरीं कधींही सोडूं नये. खालीं स्प्रिंग शेंकडों किलोंच्या दाबानें आवळलेली असते; ती मोकळी सुटली तर माणूस दगावूं शकतो. तें काम योग्य साधनें असलेल्या कारागिराचेंच.

जोडतांना जुने बोल्ट पुन्हां वापरूं नयेत. बोल्टाच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आंकडा असतो. तो त्याच्या बळाचा दर्जा दाखवितो. मूळ बोल्टाचा जो आंकडा, तोच नव्याचा असावा. दुकानांत मिळेल तो साधा बोल्ट चालणार नाहीं. रबरी बुशांतून जाणारे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतांनाच शेवटचे आवळावे. चाकें लोंबकळत असतां आवळले तर गाडी खालीं येतांच बुशाला कायमचा पीळ बसतो व तो लवकर फाटतो. हें शेवटचें आवळणें आम्हीं गॅरेजांत, मोजून पीळ देणाऱ्या पान्यानें करविलें. पावसाळा संपतांच गाडीची खालची बाजू गोड्या पाण्यानें धुवून आट्यांना तेल देण्याचा पाठ आतां घरांत सुरू झाला आहे.

पांच मिनिटांचें म्हणून काढलेलें काम असें चार दिवस चाललें. गाडी आतां डोलत नाहीं. ते दोन स्टँड पडवींत खुंटीखालीं ठेवले आहेत, आणि ते लावल्याखेरीज कोणीं गाडीखालीं डोकें घालूं नये, हा घरचा नियम वहिनींनींच घालून दिला आहे.