म्हातारपण की नैराश्य?

यजमान गेले तेव्हा शिव्हाचे ७ दिवस घर माणसांनी भरलेलं होतं. नंतर सगळे आपापल्या घरी गेले. मला झोप येईना, जेवण जाईना, गुडघे दुखू लागले. मलिद्याचे पोहे भिजवायचंही मन होईना. “वय झालं,” असं मुलीला सांगत राहिले. इतकी वर्षं नर्स होते, पण स्वतःचं दुखणं ओळखलं नाही.

कुपत होलीमच्या डॉक्टरांनी दोनच प्रश्न विचारले: गेल्या २ आठवड्यांत मन उदास असतं का? आवडीच्या कामातला रस गेला आहे का? मला रडूच आलं.

दुःख येतं-जातं, मधेच नातवाच्या बोलण्यावर हसूही येतं. नैराश्य मात्र रोज, जवळजवळ दिवसभर असतं. उतारवयात ते अंगदुखी, विसराळूपणा अशा रूपात येतं, म्हणून आपण त्याला म्हातारपण समजतो. तो आजार आहे, मनाचा दुबळेपणा नव्हे. बोलण्याने आणि औषधाने बहुतेकांना बरं वाटतं. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. आपल्या मनाने सोडू नका.

२ आठवडे असंच चाललं असेल, तर डॉक्टरांना सांगा. जीव नकोसा वाटला, तर त्याच दिवशी सांगा. मी आता पुन्हा पोहे भिजवते.