जुने गाणे हळू, नवे मोठे, त्रास कानाला

वांद्र्याहून चर्चगेटची लोकल पकडली की अनेकांच्या कानांत इअरफोन जातात. मोबाइलमध्ये 1950च्या दशकातले एखादे गाणे लागते. ते हळू वाटते, म्हणून आवाज वाढवला जातो. पुढचे गाणे अलीकडच्या चित्रपटातले असते, आणि ते कानावर आदळते.

नव्या ध्वनिमुद्रणांत हळू भागही वर ओढलेले असतात. दोन्ही गाण्यांचे शिखर सारखे असू शकते, पण कान ऐकतो ती सरासरी. यावर 2001 साली डेव्हिड रॉबिन्सन यांनी ‘रिप्लेगेन’ सुचवले. यात सॉफ्टवेअर प्रत्येक गाणे मोजते आणि आवाज किती डेसिबल कमी-जास्त करायचा तो आकडा फाइलमध्ये नोंदवते. मूळ ध्वनीला धक्का लागत नाही. ख्यालाचे विलंबित आणि द्रुत वेगवेगळ्या फाइलींत असेल, तर मात्र ‘अल्बम’ हा पर्याय निवडावा. नाहीतर दोन्ही एकाच पातळीवर येऊन मैफलीची मजा जाते.

यामुळे दचकणे थांबते, कान आपोआप वाचत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांसाठी 80 डेसिबल आवाज आठवड्याला 40 तास चालतो. दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे 92 डेसिबलला उरतात अडीच तास! लोकलच्या खडखडाटावर मात करायला बटण वर जाते, तिथेच गोम आहे. कानात घट्ट बसणारे इअरफोन असतील तर कमी आवाज पुरतो. उतरल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली आणि दुसऱ्या दिवशीही थांबली नाही, तर कान-नाक-घसा विभागात ऑडिओमेट्री करून घ्यावी.