संग्रहाचा नाद – ९ : एकशे सहा नंबरचं कार्ड

गेल्या आठवड्यात आपण काडेपेट्यांच्या छापांबद्दल बोललो. दप्तरात छापांची चळत घेऊन हिंडलेल्यांना वेगळं सांगायला नको, की झोप उडते ती हातातल्या छापांनी नव्हे, न सापडलेल्या एका छापाने. अमेरिकेतली जुनी बेसबॉल कार्डं म्हणजे हेच दुखणं, फक्त खर्चिक.

तिथल्या संग्राहकांना आवडता संच विचारा, तीन नावं हटकून निघतात. पहिलं टी-२०६. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीच्या सिगारेट पाकिटांतून ही कार्डं आली. पाकीट चेपू नये म्हणून पुठ्ठा घालायचाच, तर त्यावर खेळाडू छापला. ‘टी-२०६’ हे नाव मात्र कंपनीचं नाही. सिरॅक्यूजच्या जेफरसन बर्डिक यांनी अमेरिकेतल्या छापील कार्डांची सूची केली, त्यातला हा क्रमांक. (संधिवाताने आखडलेल्या हातांनी या माणसाने आपला तीन लाखांवर नगांचा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमसाठी अल्बमांत लावला. १९६३च्या जानेवारीत काम संपलं, मार्चमध्ये ते गेले. त्यांच्यावर एक लेखांक माझ्याकडून येणं आहे.) संच ५२४ कार्डांचा, पण होनस वॅग्नरचं कार्ड छपाई सुरू झाल्यावर लवकरच थांबवलं गेलं. वॅग्नरला तंबाखूची जाहिरात नको होती की पैसे हवे होते, यावर वाद अजून चालू आहे. आज ती जेमतेम साठेक कार्डं ठाऊक आहेत.

दुसरा, टॉप्स कंपनीचा १९५२चा संच. कंपनीतल्या साय बर्गर या तरुणाने ब्रुकलिनमधल्या आपल्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर कात्री आणि पुठ्ठा घेऊन याचा आराखडा केला. पुढे रंगीत चित्र, संघाचं बोधचिन्ह, सहीची छपाई. मागे गेल्या मोसमाची आणि एकूण कारकिर्दीची आकडेवारी. पुढच्या कार्डांनी हाच साचा गिरवला. पण ३११ ते ४०७ हा शेवटचा हप्ता बाजारात आला तेव्हा मोसम सरत आला होता आणि पोरांचं लक्ष फुटबॉलकडे वळलं होतं. माल पडून राहिला. जागा अडते म्हणून १९६०मध्ये बर्गरनेच तो बार्जवर चढवून अटलांटिकमध्ये बुडवला, असं तो स्वतः सांगायचा. या हप्त्याचं पहिलंच कार्ड, ३११, मिकी मँटलचं. २०२२मध्ये त्याची एक प्रत १ कोटी २६ लाख डॉलरना गेली. गंमत म्हणजे मँटलचं हे पहिलं कार्डही नव्हे, आणि त्या हप्त्यातल्या बऱ्याच कार्डांपेक्षा ते जास्त छापलं गेलं होतं. भाव दुर्मीळतेचा नाही, मँटलचा आहे.

माझा कौल तिसऱ्याला : १९३३चा गाउडी. बोस्टनची च्युइंगगम कंपनी, एका सेंटला एक गम आणि एक कार्ड. मंदीचे दिवस. संच २४० क्रमांकांचा. बेब रूथची चार कार्डं, त्यातलं पिवळ्या पार्श्वभूमीचं तर बघत राहावं असं. पोरं एकेक सेंट घालत राहिली, डबल झालेली कार्डं बदलत राहिली, आणि १०५ नंतर थेट १०७. एकशे सहा नंबर कुणालाच निघेना. निघणार कसा? कंपनीने तो छापलाच नव्हता. पोरं गम घेत राहावीत म्हणून ठेवलेली ती मोकळी जागा होती, असंच संग्राहक मानतात. मलाही दुसरं काही पटत नाही.

तक्रारींची पत्रं गेली. मग १९३४मध्ये कंपनीने १०६ नंबर छापला. त्यावर खेळाडू घेतला नॅप लाजवे, ज्याने १९१६मध्येच मेजर लीगमध्ये खेळणं सोडलं होतं. हे कार्ड पाकिटातून नाही, पत्र लिहिणाऱ्यांना टपालाने गेलं, कागदाला टाचून. त्यामुळे आज लाजवेच्या कित्येक कार्डांच्या वरच्या कडेला पेपरक्लिपचा दाब दिसतो, कुठे गंजाची पुसट रेघही. प्रत ठरवणारे त्याचे गुण कापतात. मला घ्यायची ऐपत असती, तर मी तो वळ असलेलंच कार्ड मागून घेतलं असतं.