रीडायरेक्ट सर्व्हरचा, फ्रेम ब्राउझरची

भनपुरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कारखान्याची एएसपीत लिहिलेली जुनी स्टॉक-प्रणाली घ्या. डावीकडे मेनूची फ्रेम, उजवीकडे कामाची. जेवणाच्या सुट्टीत सेशन संपतं. परतल्यावर मेनूवर क्लिक केलं, की लॉगिनचं पान उजव्या फ्रेममध्येच उघडतं आणि लॉगिन केल्यावर तिथे दुसरा मेनू दिसू लागतो. मग सर्व्हरवरच्या कोडमध्ये शोधाशोध सुरू होते.

गैरसमज : रीडायरेक्ट करताना फ्रेमचं नाव देता येतं.
वस्तुस्थिती : ‘रिस्पॉन्स.रीडायरेक्ट’ असो की पीएचपीतून पाठवलेला ‘लोकेशन’ हेडर, ब्राउझरकडे फक्त ३०२ हा कोड आणि नवा पत्ता जातो. विनंती ज्या फ्रेमसाठी होती, तिथेच नवं पान उघडतं. नेटस्केपने यासाठी ‘विंडो-टार्गेट’ हेडर आणला होता; पण तो मानकांत आला नाही आणि आजचे ब्राउझर तो जुमानत नाहीत.

गैरसमज : म्हणजे यावर उपाय नाही.
वस्तुस्थिती : उपाय लिंक किंवा फॉर्ममध्ये आहे. तिथे ‘टार्गेट’मध्ये फ्रेमचं नाव दिलं, की उत्तर त्या फ्रेममध्ये येतं, ‘_टॉप’ दिलं, तर पूर्ण खिडकीत. सेशन कधी संपेल हे मात्र आधी कळत नाही. म्हणून लॉगिनच्या पानावरच छोटी स्क्रिप्ट ठेवावी : आपण फ्रेममध्ये आहोत असं दिसलं, तर ‘विंडो.टॉप.लोकेशन’ बदलून पूर्ण खिडकी घ्यायची.

गैरसमज : पान फ्रेममध्ये आहे, हे सर्व्हरला कधीच कळत नाही.
वस्तुस्थिती : पूर्वी कळत नसे. आजचे ब्राउझर सुरक्षित जोडणीवर ‘सेक-फेच-डेस्ट’ हेडरमधून ते सांगतात. फ्रेमचं नाव मात्र त्यात नसतं.

गैरसमज : बँकेचं पान फ्रेममध्ये कोरं दिसलं, म्हणजे रीडायरेक्ट फसला.
वस्तुस्थिती : बहुधा बँकेनेच ‘एक्स-फ्रेम-ऑप्शन्स’ पाठवून मनाई केलेली असते. फसव्या पानावर खऱ्या पानाची अदृश्य फ्रेम पसरून ग्राहकाचा क्लिक चोरणं त्यामुळे अडतं. फ्रेमबाबत सर्व्हरचा शब्द चालतो तो इथेच, नकार देण्यापुरता.

गैरसमज : फ्रेम आता इतिहासजमा झाल्या.
वस्तुस्थिती : २०१४ मध्ये मानक झालेल्या एचटीएमएल५ने ‘फ्रेमसेट’ मोडीत काढला. ‘आयफ्रेम’ कायम आहे आणि टार्गेटचा नियम तिलाही लागू होतो. त्यामुळे प्रणाली नव्याने लिहिली, तरी कोणतं पान द्यायचं हे सर्व्हरवर आणि ते कुठे उघडायचं हे पानातच ठरवावं लागेल.