प्रकाशस्पंदांचा पदार्थांतील प्रवास

निर्वात प्रदेशात प्रकाशाचा वेग सेकंदास सुमारे तीन लक्ष किलोमीटर असतो व काचेत तो सुमारे दोन लक्ष किलोमीटर होतो, हे वाक्य शाळांतून पाठ करून घेतले जाते. वाक्य चुकीचे नाही, पण अपुरे आहे. लोलकातून भिंतीवर पडलेले सात रंग पाहून एखाद्या चौकस विद्यार्थ्याने "हा वेग कोणत्या रंगाचा?" असे विचारले, तर शिक्षकाने त्याचे कौतुकच करावे. साध्या क्राउन काचेचा अपवर्तनांक तांबड्या रंगास सुमारे १.५१ व जांभळ्या रंगास सुमारे १.५३ असतो. म्हणजे जांभळ्या प्रकाशाच्या लहरी तांबड्याच्या लहरींहून सेकंदास सुमारे अडीच हजार किलोमीटरांनी मागे पडतात. यासच अपस्करण म्हणतात.

प्रकाश अखंड वाहत असता अपस्करणामुळे केवळ रंगांचा पट्टा दिसतो. परंतु प्रकाश क्षणमात्र सोडला, म्हणजे त्याचा एक स्पंद पाठविला, की निराळाच प्रकार घडतो. कोणताही स्पंद अगदी शुद्ध अशा एकाच रंगाचा असू शकत नाही. तो जितका अल्पकालीन, तितके अधिक रंग त्यात मिसळलेले असतात. त्या प्रत्येकाची चाल वेगळी पडल्याने स्पंद वाटेत पसरट होतो. पंढरपूरच्या वाटेवरील वारकरी सोलापूर जिल्ह्यातील मुलांच्या नित्य पाहण्यातले आहेत. पहाटे एकत्र निघालेल्या जथ्यातील तरणे पुढे जातात, वृद्ध मागे राहतात आणि दुपारपर्यंत जथा दूरवर लांबतो. (पताकांच्या मागे शिस्तीने चालणारी दिंडी अशी लांबत नाही; येथे मोकळेपणाने चालणारा जथाच समजावा.)

याचे मोठे उदाहरण पुणे जिल्ह्यात नारायणगावाजवळ खोडद येथे पाहावयास मिळते. तेथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेने प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली प्रचंड रेडिओ दुर्बीण उभारली. तीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. रेडिओलहरी या प्रकाशाच्याच कुळातील होत. वृषभ राशीतील क्रॅब तेजोमेघात एक मृत तारा सेकंदास सुमारे ३० वेळा स्वतःभोवती फिरतो व प्रत्येक फेरीस रेडिओलहरींचा स्पंद पाठवितो. वाटेवरचे अंतराळ जवळजवळ रिकामे असले, तरी त्यात विरळ मुक्त इलेक्ट्रॉन असतात आणि ते कमी वारंवारतेच्या लहरींस अधिक अडवितात. परिणामी एकाच स्पंदाचा ५०० मेगाहर्ट्झचा भाग पोहोचल्यावर ३०० मेगाहर्ट्झचा भाग येण्यास सुमारे पावणेदोन सेकंद लागतात. तेवढ्या अवधीत ताऱ्याकडून आणखी पन्नास स्पंद निघालेले असतात! शास्त्रज्ञ प्रत्येक वारंवारतेचा उशीर वेगळा मोजून तो दुरुस्त करतात, तेव्हाच स्पंद स्पष्ट होतात. त्याच उशिरावरून वाटेतील इलेक्ट्रॉनांचा हिशेबही लागतो.

या अंतराळात शोषण जवळजवळ नाही. काचेत मात्र शोषण व अपस्करण ही जोडीनेच येतात, कारण दोहोंचे मूळ एकच आहे. काचेतील इलेक्ट्रॉन झोपाळ्यासारखे असतात आणि त्यांस स्वतःचा असा ठरावीक झोका असतो. त्या तालाशी जुळणारा प्रकाश शोषला जातो. तालाच्या जवळपासचा प्रकाश शोषला गेला नाही, तरी त्याची चाल अधिक बदलते. काच जंबुपार प्रकाश शोषते व दृश्य रंगांत जांभळा त्यास सर्वांत निकट, म्हणून तोच अधिक रेंगाळतो.

भारतनेट योजनेतून अनेक ग्रामपंचायतींपर्यंत आलेल्या प्रकाशतंतूंच्या जाळ्यातही हाच पेच असतो. १५५० नॅनोमीटर तरंगलांबीस तंतूतील ऱ्हास सर्वांत कमी असतो. ५० किलोमीटरांनंतरही प्रकाशाचा दहावा हिस्सा उरतो. परंतु तेथे स्पंद पसरतात. १३१० नॅनोमीटरजवळ पसरणे जवळजवळ थांबते, पण तेथे ऱ्हास वाढतो. म्हणून दूरच्या मार्गांवर बहुधा पहिली तरंगलांबी घेतात व पसरण्याची भरपाई वेगळ्या उपायांनी करतात.

आता सर्वांत फसवा भाग. शोषणाच्या अगदी मध्यावर पदार्थ विलक्षण वागतो. १९८२ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत चू व वाँग यांनी गॅलियम फॉस्फाइडच्या पातळ थरातून लेसरचे स्पंद सोडले. बाहेर पडलेल्या क्षीण स्पंदाचे शिखर प्रकाशाच्या निर्वातातील वेगाने पोहोचले असते त्याहूनही आधी पोहोचले. अशा प्रयोगांच्या बातम्या "प्रकाशाहून वेगवान" अशा मथळ्याने छापल्या जातात, आणि मुले वर्गात नेमके तेच विचारतात. "वर्तमानपत्रवाले काहीही छापतात" असे म्हणून त्यांस गप्प करणे योग्य नव्हे, कारण प्रयोग खरा आहे. पदार्थाने स्पंदाचा मागचा भाग अधिक खाऊन टाकला, म्हणून उरलेल्या भागाचे शिखर पुढे सरकले. स्पंदाची आघाडी मात्र निर्वातातील वेगापुढे कधीच जात नाही, हे झोमरफेल्ड व ब्रिल्वाँ यांनी १९१४ सालीच गणिताने दाखविले होते. संदेश आघाडीच्या आधी पोहोचू शकत नाही.

हे मैदानावर दाखविता येते. वीस मुले एकामागे एक, हातभर अंतराने उभी करावी व सर्वांस एकाच चालीने चालावयास सांगावे. आरंभी रांगेचा मध्य दहाव्या व अकराव्या मुलाच्या मध्ये असतो. वाटेत चुन्याची एक रेघ आखावी आणि रांगेतील शेवटच्या दहा मुलांनी त्या रेघेपाशी पोहोचताच खाली बसावे. पुढील रेघेवर पोहोचेल ती रांग दहाच मुलांची असेल व तिचा मध्य पाचव्या व सहाव्या मुलाच्या मध्ये येईल. दोन रेघांवर मध्य कोणत्या क्षणी आला ते घड्याळ लावून मोजले, तर मध्य मुलांच्या चालीपेक्षा वेगाने गेलेला दिसेल. त्याच वेळी पहिल्या मुलाचेही दोन्ही क्षण टिपून फळ्यावर शेजारी लिहावे आणि रांगेतील कोण जलद चालले, हे मुलांनाच शोधावयास सांगावे.